क्वार्टाईल काढलं की तीन वेगळी उत्तरं का येतात?

मागच्या आठवड्यात भाची वही घेऊन आली, चेहरा पडलेला. शाळेत प्रोजेक्ट होता, घरातून निघून वर्गात पोचायला किती मिनिटं लागतात ते दहा दिवस लिहून काढायचं आणि त्याची क्वार्टाईल्स काढायची. तिने हाताने पहिलं क्वार्टाईल काढलं तर ३० आलं, एक्सेलमधे टाकलं तर ३०.२५ आलं, आणि मैत्रिणीने एक्सेलचंच दुसरं फंक्शन वापरलं तर २९.७५. तीनदा खोडून लिहिलं होतं, कागद पार विरला होता. "मामा माझं कुठे चुकतंय?" तर तिचं कुठेच चुकत नव्हतं. तिन्ही उत्तरं बरोबर होती, आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण असल्या ठिकाणीच मुलं "आपल्याला गणित जमत नाही" असं धरून बसतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी क्वार्टाईल म्हणजे काय ते बघू

आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावायचे. ओळीच्या बरोबर मधला आकडा म्हणजे मीडियन, मराठी पुस्तकात त्याला मध्यक म्हणतात. आता त्याच ओळीचे दोन ऐवजी चार सारखे भाग करायचे. चार भाग करायला तीन ठिकाणी काप घ्यावे लागतात, हे तीन काप म्हणजे तीन क्वार्टाईल्स, म्हणजेच चतुर्थक. मधला काप म्हणजे आपला मीडियनच. पहिल्या कापाच्या खाली साधारण पाव आकडे असतात, तिसऱ्या कापाच्या वर साधारण पाव.

इथे बोलण्यात एक गोंधळ कायम होतो. क्वार्टाईल म्हणजे काप, भाग नव्हे, पण लोक "तो पहिल्या क्वार्टाईलमधे आहे" असंही म्हणतात आणि तेव्हा त्यांना भाग म्हणायचा असतो. त्यात संशोधनाच्या जर्नल्सची क्रमवारी लावणारे लोक सगळ्यात वरच्या पाव भागाला "क्यू वन", म्हणजे पहिलं क्वार्टाईल म्हणतात, आपल्या बरोबर उलट. त्यामुळे कुठेही क्यू वन दिसलं की काप म्हणायचंय की भाग, आणि मोजणी खालून आहे की वरून, एवढं बघून घ्यायचं.

हाताने करून बघू

भाचीचे दहा आकडे ओळीत लावले की असे दिसतात: २८, २९, ३०, ३१, ३१, ३३, ३४, ३६, ४०, ५२. सगळी मिनिटं. ५२ वाल्या दिवशी बस वाटेत बंद पडली होती.

ओळीत लावणं ही पायरी लहान वाटते पण अर्ध्या चुका इथेच होतात, लोक जसे आकडे आले तसेच मधला उचलतात, किंवा ३१ दोनदा आलाय म्हणून एकदाच लिहितात. दोनदा आला तर दोनदाच लिहायचा, ते दोन वेगळे दिवस आहेत.

दहा आकडे म्हणजे मधे एक आकडा येत नाही, दोन येतात, पाचवा आणि सहावा. ३१ आणि ३३. त्यांच्या मधोमध ३२, हा मीडियन. आता खालचे पाच बघा, २८, २९, ३०, ३१, ३१, यांचा मधला ३०. हे पहिलं क्वार्टाईल. वरचे पाच, ३३, ३४, ३६, ४०, ५२, यांचा मधला ३६. हे तिसरं. बस, झालं. ३६ वजा ३० म्हणजे ६, म्हणजे मधले साधारण अर्धे दिवस ६ मिनिटांच्या पट्ट्यात बसतात. या ६ ला इंटरक्वार्टाईल रेंज असं लांबलचक नाव आहे, मी पुढे नुसतं "मधला पसारा" म्हणतो.

मग कॉम्प्युटर वेगळं का सांगतो?

आता मुख्य भाग, इथे जरा थांबून वाचा. रस्त्याच्या कडेला सारख्या अंतरावर झाडं लावलीयत आणि रस्त्याचा पाव हिस्सा कुठे संपतो ते तुम्हाला सांगायचंय असं समजा. दहा झाडं, म्हणजे आपले दहा आकडे. प्रश्न सोपा वाटतो पण एक गोष्ट सांगायचीच राहिलीय, रस्ता सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे?

एक जण म्हणेल, पहिल्या झाडापाशी सुरू, शेवटच्या झाडापाशी संपला. दहा झाडांत मोकळ्या जागा नऊ. नऊचा पाव म्हणजे सव्वादोन. पहिल्या झाडापासून सव्वादोन जागा पुढे गेलात की तुम्ही "सव्वातिसऱ्या" झाडापाशी असता, म्हणजे तिसरं झाड ओलांडून चौथ्याकडे पाव अंतर. आपलं तिसरं झाड ३० आणि चौथं ३१, म्हणून ३०.२५. एक्सेलमधे क्वार्टाईल.इंक नावाचं फंक्शन आहे ते असंच करतं, आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं आकडेमोडीचं पॅकेज नमपाय, यांत पद्धत न सांगता मागितलं तर हेच मिळतं.

दुसरा म्हणेल, नाही, रस्ता झाडांच्या पलीकडेही थोडा जातो, दोन्ही टोकांना एकेक जागा सोडलेली आहे. म्हणजे जागा अकरा. अकराचा पाव पावणेतीन. रस्ता पहिल्या झाडाच्या एक जागा आधी सुरू झाला, त्यामुळे तुम्ही पोचता दुसरं झाड ओलांडून तिसऱ्याकडे पाऊण अंतरावर, २९ आणि ३० च्या मधे, २९.७५. हे एक्सेलचं क्वार्टाईल.एक्ससी.

तिसरा म्हणेल, प्रत्येक झाड आपल्या स्वतःच्या तुकड्याच्या मधोमध उभं आहे, तुकडे दहा. दहाचा पाव अडीच, आणि अडीच तुकडे संपतात तिथे बरोबर तिसरं झाड उभं असतं. ३०. हे आपलं हाताचं उत्तर.

आता तिन्ही ठिकाणं शेजारी ठेवा: पावणेतीन, तीन, सव्वातीन. कितीही आकडे घ्या, दोन्ही फंक्शनच्या ठिकाणांत ओळीतल्या अर्ध्या जागेचाच फरक राहतो. सूत्रात लिहायचं तर आकड्यांच्या संख्येत १ मिळवून चारने भागा, २ मिळवून भागा, किंवा ३ मिळवून भागा, एवढंच. एवढ्यावरून पोरांचे मार्क जातात.

आणि हा फरक छोट्या संचातच का टोचतो तेही यातूनच कळतं. हजार आकडे असतील तर शेजारशेजारचे आकडे इतके जवळ असतात की अर्धी जागा इकडे तिकडे झाली तरी बहुतेक वेळा उत्तर हलतही नाही. दहा आकड्यांत शेजाऱ्यांमधे मोठी दरी असू शकते. आपल्याच संचात वरच्या बाजूला बघा, ३४, ३६, ४० असे आकडे लांब लांब आहेत, म्हणून तिसरं क्वार्टाईल एका पद्धतीने ३५.५, हाताने ३६ आणि दुसऱ्या फंक्शनने ३७ येतं. मधला पसारा अनुक्रमे ५.२५, ६ आणि ७.२५. तेच आकडे, त्याच मुलीचे.

आकडे विषम असले तर?

दहा ऐवजी सात घ्या: २, ४, ५, ७, ८, ११, १५. मीडियन सरळ ७, चौथा आकडा. आता दोन भाग करताना हा ७ कुणाकडे जाणार? काही पुस्तकं म्हणतात त्याला बाजूला ठेवा, मग खालचे २, ४, ५ आणि वरचे ८, ११, १५, क्वार्टाईल्स ४ आणि ११. काही म्हणतात दोन्ही भागांत घ्या, मग खालचे २, ४, ५, ७ आणि वरचे ७, ८, ११, १५, क्वार्टाईल्स ४.५ आणि ९.५. मधला पसारा एकीकडे ७, दुसरीकडे ५. बराच फरक आहे हा.

पण एक छान गोष्ट आहे जी मला स्वतःला खूप उशिरा कळली. आकड्यांची संख्या विषम असेल तर "दोन्हीकडे घ्या" पद्धत आणि एक्सेलचं इंक यांचं उत्तर नेहमी एकच येतं, आणि "बाजूला ठेवा" आणि एक्ससी यांचंही नेहमी एकच. त्यामुळे विषम संख्येला वर्गात कुठली पद्धत चालते तेवढं कळलं की ताळा कुठल्या फंक्शनने करायचा ते ठरतं. सम संख्येला मात्र हाताचं उत्तर दोघांच्या मधे पडतं, जे भाचीचं झालं.

"ते सगळं ठीक आहे, पण बरोबर कोणतं?"

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो आणि मी समजू शकतो. पण इथे एकच बरोबर असं नाहीये. १९९६ मधे रॉब हाइंडमन आणि यानान फान या दोघांनी संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर्स ही गोष्ट कशी कशी काढतात ते तपासून नऊ प्रकार मांडले होते. नऊ! आणि हे सगळे शहाण्या माणसांनी विचार करून केलेले.

रस्त्याच्या आणि झाडांच्या त्या चित्रांमागे वेगवेगळा विचार आहे. हे दहा आकडे म्हणजेच सगळं जग, याच्या बाहेर काही नाही, असं मानलं की पहिलं चित्र. हे दहा दिवस म्हणजे शेकडो दिवसांतला नमुना आहे, खरा सगळ्यात कमी वेळ २८ पेक्षाही कमी असू शकतो आणि खरा सगळ्यात जास्त ५२ पेक्षा जास्त, असं मानलं की दुसरं चित्र, म्हणून तिथे रस्ता झाडांच्या पलीकडे जातो. माझं मत विचाराल तर नमुन्यावर बोलत असाल तर दुसऱ्यात जास्त प्रामाणिकपणा आहे, पण पाच-दहा आकड्यांना मी हाताचीच पद्धत वापरतो कारण ती समोरच्याला दोन वाक्यांत समजावता येते आणि त्याला स्वतः पडताळता येते. परीक्षेत असाल तर पुस्तकातली. फक्त दोन संचांची तुलना करताना एक इकडून आणि एक तिकडून असं करू नका, तिथे खरी चूक होते.

एव्हरेज सांगितलं की झालं ना, हे कशाला?

भाचीच्या आकड्यांचा एव्हरेज ३४.४ येतो. पण दहापैकी सात दिवस ती ३४.४ च्या आतच पोचलीय. एका ५२ ने सगळ्यांना वर ओढलं. आणि एव्हरेज काहीही असला तरी रोज साधारण तेवढाच वेळ लागतो की कधी २० कधी ५०, हे त्यातून कळत नाही, आणि घरातून कधी निघायचं हे ठरवायला तेच तर कळायला हवं. पसारा मोजायचा तो यासाठी.

सगळ्यात सोपा पसारा म्हणजे मोठ्यातून लहान वजा, ५२ वजा २८, २४. पण हा फक्त दोन टोकांवर चालतो, मधल्या आठ दिवसांना तो विचारतच नाही.

मग स्टँडर्ड डेव्हिएशन येतं, म्हणजे आकडे एव्हरेजपासून सरासरी किती लांब आहेत याचं एक माप, त्यात अंतरांचे वर्ग करतात. वर्ग केल्यामुळे लांबच्या आकड्याचं वजन प्रचंड वाढतं. भाचीच्या दहा दिवसांचं ते ७.१ येतं, आणि बस बंद पडलेला एक दिवस काढला तर ३.८. एका दिवसाने माप जवळजवळ दुप्पट केलं.

आता अजून एक बघा. समजा टाइप करताना ५२ च्या जागी १५२ पडलं. बोट घसरलं, होतं असं. एव्हरेज ४४.४ होतो, म्हणजे नऊ खऱ्या दिवसांपेक्षाही जास्त. स्टँडर्ड डेव्हिएशन ३८. मीडियन मात्र ३२ च, क्वार्टाईल्स ३० आणि ३६ च, मधला पसारा ६ च. कारण ओळीत शेवटचा माणूस अजून लांब जाऊन उभा राहिला तरी तिसऱ्या आणि आठव्या जागेवरचे लोक हलत नाहीत.

याचा अर्थ स्टँडर्ड डेव्हिएशन वाईट असा नाही हां. आकडे दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले असतील, कुणी फार लांब नसेल, तर ते जास्त माहिती वापरतं आणि पुढच्या बऱ्याच गणितांत तेच लागतं. अशा घंटीच्या आकाराच्या डेटात मधला पसारा साधारण स्टँडर्ड डेव्हिएशनच्या १.३५ पट असतो. आपला ६ भागिले १.३५ केला तर सुमारे ४.४ येतं, ७.१ पेक्षा बरंच कमी. दोघांत असा फरक दिसला की समजायचं टोकाला काहीतरी आहे, जाऊन बघा.

लांब गेलेला आकडा ओळखायचा कसा?

यासाठी जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचा नियम वापरतात, बॉक्स प्लॉट म्हणजे पेटीचं चित्र लोकप्रिय केलं तेही त्यांनीच, १९७७ च्या पुस्तकातून. मधल्या पसाऱ्याची दीडपट घ्यायची, तिसऱ्या क्वार्टाईलमधे मिळवायची, पहिल्यातून वजा करायची. आपल्याकडे ६ ची दीडपट ९, म्हणजे कुंपण २१ आणि ४५. ५२ कुंपणाबाहेर, म्हणजे आउटलायर.

बरेच जण विचारतात की त्यापेक्षा "एव्हरेजपासून तीन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या बाहेर" हा नियम का नको. मोठ्या संचात चालतो. पण दहा आकड्यांत तो काही पकडूच शकत नाही, आणि हे गणितानेच सिद्ध होतं: दहा आकड्यांत एखादा आकडा कितीही वेडावाकडा असला तरी तो २.८५ स्टँडर्ड डेव्हिएशनच्या पलीकडे जाऊच शकत नाही, कारण तो स्वतःच ते माप फुगवतो. वरचा १५२ सुद्धा फक्त २.८३ वर पडतो. म्हणजे सरळ सरळ टायपिंगची चूक आणि नियम म्हणतो सगळं ठीक आहे.

आता पद्धतींचा फरक कुठे चावतो ते बघा. समजा त्या दिवशी ५२ ऐवजी ४४ मिनिटं लागली असती. क्वार्टाईल्स तीच राहतात. हाताच्या पद्धतीने कुंपण ४५, म्हणून ४४ आत. एक्सेलच्या इंकने ३५.५ अधिक ७.८७५, कुंपण ४३.३७५, म्हणून ४४ बाहेर. एकाच दिवसाला एक जण नॉर्मल म्हणतो, दुसरा आउटलायर. म्हणून मी परत परत सांगतो, आउटलायर हा शिक्का म्हणजे निकाल समजू नका, तो फक्त "इथे जाऊन चौकशी करा" एवढंच सांगतो. चौकशीत टायपिंगची चूक निघाली तर दुरुस्त करा. बस बंद पडली होती असं निघालं तर तो खराखुरा दिवस आहे, पुसायचा नाही, बाजूला कारण लिहायचं. घंटीच्या आकाराच्या अगदी शहाण्या डेटातही साधारण ०.७ टक्के आकडे या कुंपणाबाहेर पडतातच, छोट्या संचात तर हे प्रमाण त्याहून जास्त असतं.

पेटीचं चित्र वाचताना

पेटी पहिल्यापासून तिसऱ्या क्वार्टाईलपर्यंत, मधे मीडियनची रेघ, बाहेर दोन दांड्या. लोकांना वाटतं पेटीचा लांब भाग म्हणजे तिथे जास्त आकडे. नाही, उलट आहे. चारही भागांत आकडे साधारण सारखेच असतात, लांब भाग म्हणजे तेवढेच आकडे जास्त जागेत विखुरलेत.

आणि पेटी बरंच लपवते. १०, २०, २०, २०, ४०, ४०, ४०, ५० हा एक संच आणि १०, १५, २५, २९, ३१, ३५, ४५, ५० हा दुसरा. दोन्हीची सगळ्यात लहान संख्या १०, क्वार्टाईल्स २०, ३०, ४०, मोठी संख्या ५०. पेटी हुबेहूब एक. पण पहिल्यात ३० च्या आसपास कुणीच नाही, दोन वेगळे गट आहेत, आणि दुसऱ्यात मधेच लोक आहेत. म्हणून दहा-पंधरा आकडे असतील तर मी सगळे ठिपके काढायला सांगतो, हवं तर शेजारी पेटी. पाच आकडे असतील तर पेटी नकोच, पाच आकड्यांचा सारांश पाच आकड्यांत द्यायचा यात वाचणाऱ्याचा काही फायदा नाही.

एवढ्या कमी आकड्यांवर भरवसा किती ठेवायचा?

हे फार कमी जण सांगतात आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमचं खरं पहिलं क्वार्टाईल, म्हणजे वर्षानुवर्षं नोंद ठेवली तर जे येईल ते, त्याच्या वर एखादा दिवस पडायची शक्यता पाऊण. पाच दिवस नोंद ठेवली आणि दिवसांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरलं तर पाचही दिवस त्याच्या वरच पडायची शक्यता पाऊण गुणिले पाऊण असं पाच वेळा, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. म्हणजे चारातून एकदा असं होणार की खऱ्या पहिल्या क्वार्टाईलच्या खालचा एकही आकडा तुमच्या हातात नाही. दहा दिवसांत ही शक्यता ६ टक्क्यांच्या आसपास येते.

मीडियनचंही तसंच. दहा आकड्यांवरून खरा मीडियन कुठे असेल असं विचारलं तर साधारण ९८ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की तो दुसऱ्या आणि नवव्या आकड्याच्या मधे कुठेतरी असेल. भाचीच्या आकड्यांत म्हणजे २९ ते ४०. आणि आपण भांडत होतो २९.७५ की ३०.२५ यावर.

भाचीला हे सगळं सांगितल्यावर तिने नवीन पान घेतलं. आडवी रेघ मारून दहा ठिपके काढले, ३१ वर दोन एकावर एक, ५२ चा लांब एकटा. खाली लिहिलं: "दहा दिवस. मीडियन ३२ मिनिटं. क्वार्टाईल्स ३० आणि ३६, आकड्यांचे दोन भाग करून काढली. सगळ्यात कमी २८, सगळ्यात जास्त ५२, त्या दिवशी बस बंद पडली होती."